कॅबिनेटला भोक पाडताना

भंगारवाल्याकडे किलोवर विकलं जाणारं कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट आणि दुकानात काचेच्या भिंती लावून झळकणारं नवं कॅबिनेट, या दोन्हींच्या आतली भोकं मात्र एकाच ठिकाणी असतात. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मानक काढलं. मदरबोर्डचा आकार ३०५ बाय २४४ मिमी, तो ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांच्या जागा, मागे पोर्टांसाठी सोडायची साधारण १५९ बाय ४४.५ मिमीची चौकट, शेजारशेजारच्या दोन कार्डांमधलं २०.३२ मिमी अंतर, हे सगळं तेव्हा ठरलं. त्यानंतर प्रोसेसर किती आले आणि गेले, पण ही मापं जागची हलली नाहीत. म्हणूनच २००२ सालच्या पेटीत आजचा मदरबोर्ड बसतो. एवढी मापं सांभाळली की बाकीचा पत्रा कापायला मालक मोकळा.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने जुनं कॅबिनेट घ्यावं असं माझं मत आहे. पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचा आहे पत्रा. जुन्या चांगल्या पेट्यांचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटर जाड असे. आज स्वस्तात मिळणाऱ्या पेट्यांचा निम्मा भरतो. असा पातळ पत्रा ड्रिलखाली थरथरतो, बिट घसरतं आणि भोक गोल न पडता तिकोनी पडतं. पारख करायची तर बाजूच्या झाकणाच्या मध्यभागी अंगठा दाबून पाहावा. डब्याच्या झाकणासारखा टप्पकन आवाज करून पत्रा आत गेला, तर ती पेटी परत ठेवावी.

कॅबिनेट असं कापून-बदलून घ्यायचा, म्हणजे मॉडिंगचा, हा छंद वाढला तो उष्णतेपायी. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. नावाप्रमाणे तो ३०० मेगाहर्ट्झचा होता, पण मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की तोच ४५० वर पळायचा. पैसे कमी आणि वेग दीडपट, त्यामुळे पोरांच्या त्यावर उड्या पडल्या. वेगाबरोबर उष्णता आलीच. त्या काळच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा आणि फार तर मागे ८० मिमीचा एक, एवढीच सोय असे. मग लोकांनी पेटीच्या छताला सरळ भोक पाडून तिथे पंखा बसवायला सुरुवात केली. याच सुमारास अमेरिकेत क्वेककॉन आणि स्वीडनमध्ये ड्रीमहॅक असे मेळावे भरू लागले होते. तिथे शेकडो खेळाडू आपापला कॉम्प्युटर उचलून घेऊन येत. एका दालनात इतक्या करड्या पेट्या ओळीने मांडल्यावर आपली पेटी वेगळी दिसावी असं कोणालाही वाटणारच. ऑगस्ट १९९८ मध्ये ॲपलचा निळसर-हिरवा, आरपार दिसणारा आयमॅक बाजारात आला आणि उरलीसुरली करडी पेटी आणखीच बापुडवाणी दिसू लागली. भोकामागून खिडकी आली, खिडकीमागून दिवे आले. पुढच्या काही वर्षांत तैवानच्या कंपन्या खिडकीवाली कॅबिनेटं कारखान्यातूनच बनवून देऊ लागल्या आणि छंदाची निम्मी गंमत दुकानात विकत मिळायला लागली.

मग आज घरी बसून पत्रा कापायचा कशाला? माझ्या लेखी मूळ कारण पुन्हा तेच आहे. सुंदर दिसण्याच्या नादात कॅबिनेटचं नाक दाबलं गेलंय. समोर अखंड काच किंवा गुळगुळीत प्लॅस्टिक, आणि त्यामागे तीन पंखे कडेच्या बोटभर फटीतून कसाबसा श्वास घेतात. वातानुकूलित खोलीत ते खपून जातं. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना आणि खोलीत ३८-४० असताना मात्र ही पेटी घाम फोडते.

इथे थोडं गणित करून पाहणं फायद्याचं आहे, कारण भोक कुठे आणि केवढं पाडायचं हे त्यावरच ठरतं. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल उष्णता लागते. खेळासाठी वापरला जाणारा मध्यम ताकदीचा कॉम्प्युटर ३०० वॅट ओढतो, म्हणजे दर सेकंदाला ३०० ज्यूल उष्णता पेटीत सोडतो. ती वाहून नेणारी हवा दहाच अंशांनी तापावी अशी इच्छा असेल, तर दर सेकंदाला २५ लिटर हवा पेटीतून जायला हवी. पंख्यांच्या खोक्यावर हवेचा आकडा घनफूट प्रति मिनिट असा छापलेला असतो. त्या हिशेबात हे सुमारे ५३ भरतं. १२० मिमीचा एक बरा पंखा एवढी हवा देतो, पण समोर काहीही आडवं नसताना. त्याच्यापुढे जाळी, फिल्टर आणि बंद दार आलं आणि हवा ८ लिटरांवर घसरली, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे ३१ अंशांनी तापलेली असेल. खोली ४० ला असेल तर पेटीची पाठ सत्तरीला पोचते. आजचे बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले की स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. महागडा प्रोसेसर उन्हाळ्यात स्वस्तातल्यासारखा चालतो तो असा.

गरम हवा वर जाते, म्हणून छतात भोक पाडलं की काम झालं, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती निम्मीच खरी. पाऊण हातभर उंच पेटीत आतल्या आणि बाहेरच्या हवेत दहा अंशांचा फरक असेल, तर गरम हवेची वर जाण्याची ओढ जेमतेम पाव पास्कलही भरत नाही. साधा पंखा १५-२० पास्कलचा दाब सहज देतो. म्हणजे पंखा तिच्या जवळजवळ शंभरपट जोर लावतो आणि तो नेईल तिकडे हवा जाते, खालीसुद्धा. छताचं भोक उपयोगाचं असतं ते वेगळ्या कारणाने. प्रोसेसर पेटीच्या वरच्या भागात असतो आणि त्याची गरम हवा तिथल्या तिथे बाहेर काढता येते. समोरून हवा आत यायला वाटच नसेल, तर छताचं भोक नुसती शोभा. म्हणून आधी समोरची वाट मोकळी करावी आणि मगच छताकडे वळावं.

पंखा मोठा घ्यावा. एकाच वेगाने फिरणाऱ्या, एकाच घडणीच्या दोन पंख्यांत हवेचं प्रमाण व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. ८० चा पंखा काढून १२० चा बसवला तर हवा सव्वातीनपटीहून जास्त होते. तेवढी हवा नको असेल तर पंखा हळू फिरवता येतो आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. जुन्या कॅबिनेटची घरघर या एका बदलाने जाते.

आता कामाकडे. पहिली पायरी कापण्याची नाही, पुठ्ठ्याची आहे. पंख्याची जाडी २५ मिमी असते. त्या मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा करून तो पेटीत नेमक्या जागी चिकटवावा, मग मदरबोर्ड, कूलर, ग्राफिक्स कार्ड सगळं घालून पाहावं. छताला पंखा बसवताना तो मदरबोर्डच्या वरच्या कडेवरच्या केबलींना अडतो, हे भोक पाडल्यावर कळून उपयोग नाही. आजची ग्राफिक्स कार्डं ३०० मिमीच्याही पुढे जातात. जुन्या पेटीत हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका त्यांच्या वाटेत येतो. कूलरचंही तसंच. उंच मनोऱ्यासारखे कूलर १५५-१६० मिमी असतात आणि अरुंद पेटीचं झाकण त्यांच्यावर बसत नाही.

त्यानंतर पेटी पूर्ण रिकामी करायची. 'एवढंसं तर भोक आहे' म्हणून मदरबोर्ड आत ठेवून ड्रिल चालवणारे महाभाग असतात. लोखंडाचा कीस केसाएवढा बारीक असतो, खाचेत जाऊन बसतो आणि महिन्याने कधीतरी मदरबोर्डवरच्या दोन टाचण्यांच्या, म्हणजे पिनांच्या, मध्ये आडवा येतो. हार्ड डिस्कचा पिंजरा बहुतेक वेळा रिबिटांनी ठोकलेला असतो. रिबिटाच्या मधल्या खळग्यात ड्रिल बिट टेकवून हळू फिरवलं की त्याचं डोकं सुटून बिटाबरोबर फिरायला लागतं. तिथेच थांबावं आणि मागचा तुकडा सुंब्याने ठोकून काढावा. ३.२ किंवा ४ मिमीचे नवे रिबिट आणि रिबिट गन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, त्यामुळे काढलेला भाग परत बसवता येतो. एक गोष्ट मात्र तपासायची. तो पिंजरा पेटीचा कणाही असतो. तो काढल्यावर रिकाम्या सांगाड्याला दोन्ही हातांनी कोपऱ्यातून हलवून पाहावं. पेटी तिरकी होत असेल, तर समोरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा एक एल-अँगल आतून रिबिटने मारावा.

१२० मिमी पंख्याचे चार स्क्रू १०५ मिमीच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर येतात. १४० चा पंखा असेल तर चौकोन १२४.५ चा, ८० चा असेल तर ७१.५ चा. पत्र्यावर आधी मास्किंग टेपचे पट्टे शेजारीशेजारी चिकटवावेत. टेपवर पेन्सिलीची रेघ दिसते, रंगावर ओरखडे येत नाहीत आणि बिटही कमी घसरतं. गुण्या लावून चौकोन आखायचा, त्याचे कर्ण काढायचे, कर्ण छेदतात तो मध्य. आता पंखा प्रत्यक्ष त्या आखणीवर ठेवून चारही भोकं जुळतात का ते पाहायचं. मग पाचही खुणांवर सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकेक ठोका. हा ठोका चुकवणाऱ्याचं भोक दोन मिलिमीटर सरकलंच म्हणून समजा.

मोठ्या भोकासाठी होल सॉ वापरतात, म्हणजे दातेरी वाटीसारखं हत्यार. १२० च्या पंख्याला ११४ मिमीचा, ८० च्या पंख्याला ७६ मिमीचा. घरच्या ड्रिलला ११४ ची वाटी म्हणजे चांगलंच ओझं असतं. ड्रिल सर्वात कमी वेगावर ठेवावं, दोन्ही हातांनी धरावं, कापणाऱ्या दातांवर मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत. पत्र्याखाली प्लायवुडचा तुकडा क्लॅम्पने आवळलेला असावा, म्हणजे शेवटच्या क्षणी दात अडकून पत्रा पिरगळत नाही. जोर लावू नये. हत्याराचं वजन पुरेसं असतं. डोळ्यांना गॉगल हवाच, पण फिरत्या ड्रिलजवळ सुती हातमोजे मुळीच नकोत. धागा अडकला की हात ओढला जातो. हातमोजे घालायचे ते कापून झाल्यावर, पत्रा हाताळताना.

होल सॉ नसेल तर जिगसॉने कापता येतं, त्याला धातूचं बारीक दात्यांचं पातं लागतं. एक मिलिमीटरहून पातळ पत्रा जिगसॉखाली फडफडतो. तो पातळ प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून तिन्ही एकदम कापले की कड सरळ येते. अँगल ग्राइंडरने सरळ रेघा झपाट्याने होतात, पण ठिणग्या जिथे पडतील तिथे गंजाचे ठिपके उठतात, मग ती गच्चीची फरशी असो की शेजाऱ्याची गाडी. शिवाय कॅबिनेटच्या पत्र्यावर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो, म्हणून बंद खोलीत ग्राइंडर नको आणि वेल्डिंग तर नकोच. सोसायटीत राहणाऱ्यांना दुपारी दोन ते चार हे काम करता येत नाही, ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं करायची तयारी नसेल, तर त्यात कमीपणा नाही. बाजूचं झाकण सुटं करून, त्यावर आखणी करून गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्यावं. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी हवी असेल तर भोसरी, अंबड किंवा वाळूजसारख्या एमआयडीसीत लेझरने पत्रा कापून देणारे आहेत. त्यांना कागदावरचं चित्र चालत नाही, कॉम्प्युटरवर मापासकट काढलेली रेखाकृती द्यावी लागते.

कापल्यावर कडेला धारदार कंगोरे राहतात. कारखान्यात त्याला बर म्हणतात. अर्धगोल कानशीने आतून एकाच दिशेने बर काढावी आणि मग पॉलिश पेपर फिरवावा. बोट फिरवून खात्री करून घ्यायचा मोह आवरावा, त्याऐवजी कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तिथे अजून काम बाकी आहे. ज्या भोकातून वायर जाणार असेल तिथे रबराची बीडिंग हवीच. पंख्याच्या कंपनाने पत्र्याची कड वायरीचं कवच रोज थोडं थोडं घासत असते.

जुन्या पेटीतलं सर्वात उपयोगी भोक कोणाच्या नजरेस पडत नाही. मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो, त्याला प्रोसेसरच्या बरोबर मागे एक मोठी खिडकी पाडावी. आजचे कूलर मागच्या बाजूने पट्टी लावून आवळतात. ही खिडकी नसेल तर कूलर बदलताना दरवेळी अख्खा मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. त्याच पत्र्याच्या पुढच्या कडेला दोन लांबट खाचा पाडल्या, तर केबली मागून नेता येतात आणि समोरून येणाऱ्या हवेची वाट मोकळी राहते. मदरबोर्डच्या खुंट्यांना मात्र धक्का लावायचा नाही.

खिडकीची हौस असेल तर घरी ॲक्रिलिकच वापरावं. कडक केलेली काच, जी हल्ली कॅबिनेटला येते, ती एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. कानस लावली तरी तिचा चुरा होतो. ती काढून ठेवतानाही उघड्या फरशीवर कोपरा टेकवू नये. ॲक्रिलिक ३ मिमी जाडीचं पुरतं, पण त्याचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ते लोखंडाच्या सहापट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटरची खिडकी हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत लोखंडापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटर जास्त वाढते. स्क्रूचं भोक अगदी नेमकं पाडलं तर तिथूनच तडा जातो, म्हणून भोक मिलिमीटरभर मोठं ठेवावं आणि स्क्रू घट्ट पिळू नये. कापताना दोन्ही बाजूंचा कागद तसाच राहू द्यावा. जिगसॉ जोरात चालवला तर ॲक्रिलिक कापण्याऐवजी वितळतं आणि पात्यामागे पुन्हा चिकटतं. साफ करायला स्पिरिट वापरू नये, कापलेल्या कडांना त्याने बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी उत्तम.

आता या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा भाग. पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते, 'कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.' याचं मूळ एसएमपीएसमध्ये आहे. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थिंगला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून अर्थिंगला. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून झिरपणारा करंट मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटीचा पत्रा या दोन कपॅसिटरांच्या मध्यावर तरंगत राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे जवळपास ११५ व्होल्ट दिसतात. करंट मिलिॲम्पियरहून कमी असतो, म्हणून एरवी नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण एसएमपीएसच्या आत काही बिघडलं आणि फेज थेट पत्र्याला लागला, तर अर्थिंग नसलेली पेटी जीव घेऊ शकते. अशा तरंगत्या पेटीला टीव्हीची एचडीएमआय केबल जोडताना ठिणगी पडून पोर्ट जळतो, तेही यामुळेच.

मॉडिंगचा याच्याशी संबंध येतो तो रंगामुळे. अर्थिंगची वायर एसएमपीएसच्या डब्यापर्यंतच येते. तिथून पुढे पेटीच्या प्रत्येक भागाला अर्थिंग मिळतं ते पत्र्याला पत्रा टेकल्याने. रंग हा वीजरोधक आहे. हौसेने पेटी आतबाहेर रंगवली, एसएमपीएस जिथे टेकतो ती जागाही रंगवली, तर ही साखळी तुटते. स्क्रूचे आटे रंग खरवडून थोडाफार संपर्क करतात, पण त्यावर विसंबू नये. म्हणून रंगवण्याआधी या जागा टेपने झाकाव्यात: एसएमपीएसच्या चार स्क्रूंभोवतालची चौकट, मदरबोर्डच्या खुंट्यांचे पाये, मागच्या पोर्टांच्या पत्र्याची कड आणि झाकणं जिथे सांगाड्यावर बसतात ते ओठ. ही साखळी शाबूत असली की पेटी आतल्या रेडिओ लहरीही बऱ्यापैकी कोंडून ठेवते. अख्खी पेटी लाकडाची करणाऱ्यांनी तर मदरबोर्डखालचा पत्रा आणि एसएमपीएस यांना जोडणारी एक जाड वायर स्वतंत्र टाकावी.

जस्ताच्या मुलाम्यावर नेहमीचा ऑइल पेंट टिकत नाही. जस्त आणि रंगातलं तेल यांची रासायनिक क्रिया होऊन काही महिन्यांत रंगाची पापुद्र्यांनी साल निघते. त्यासाठी वॉश प्रायमर मिळतो, तो आधी मारावा. जुना रंग असेल तर तो सगळा काढायची गरज नाही, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवली तरी पुरे. खड्डा असेल तिथे गाडीला भरतात तशी लांबी भरून घासून घ्यावी. स्प्रे पेंटचा डबा घेऊन एका दमात रंग चढवणाऱ्याच्या रंगाला ओघळ येतात. पातळ तीन-चार हात, दोन हातांमध्ये पंधरावीस मिनिटं. आणि पावसाळ्यात हे काम काढूच नये. थिनर उडताना पत्रा थंड होतो, दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर जमतं आणि काळ्या रंगावर पांढुरका धुरळा बसल्यासारखा दिसतो. कोकणात कापलेल्या कडांना रंग लावायला एक दिवसही उशीर करू नये. जस्ताचा थर कापला गेलेला असतो आणि खारी हवा नेमकी तिथूनच आत शिरते.

बटणांच्या बाबतीत मोकळीक भरपूर आहे. कॅबिनेटचं चालू-बंद करायचं बटण मदरबोर्डवरच्या दोन टाचण्या क्षणभर एकमेकींना जोडतं, याखेरीज काही करत नाही. तिथे घरची वीज नसते, जेमतेम पाच व्होल्टांच्या आतला इशारा असतो. दाबलं की जोडणारं आणि सोडलं की तुटणारं कोणतंही बटण तिथे चालतं. दारावरच्या बेलचं जुन्या पद्धतीचं गोल बटण अगदी झोकात चालतं. दिव्याचा साधा स्विच मात्र चालत नाही, तो दाबलेलाच राहतो आणि काही सेकंदांनी कॉम्प्युटर बंद पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी असली बटणं नाना आकारांत मिळतात.

रंगीत दिव्यांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण मला त्यांचं फारसं कौतुक नाही. त्यात दोन प्रकार आहेत. एकाला चार टाचण्या आणि १२ व्होल्ट, दुसऱ्याला तीन टाचण्या आणि ५ व्होल्ट. ५ व्होल्टची पट्टी जबरदस्तीने १२ ला लावली की ती कायमची जाते.

एसएमपीएसचा डबा उघडून त्याला रंग द्यायचा, पंखा बदलायचा, असा मोह काही जणांना होतो. तो टाळावा. आतला मोठा कपॅसिटर ३२५ ते ४०० व्होल्टांपर्यंत चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. बाहेरून टेप लावून रंगवायलाही नको. तो भाग जसा आला तसा बसवा.

सगळं जुळवून झालं की प्लग भिंतीत घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक केबलच्या प्लगच्या जाड, लांब पिनेला लावा आणि दुसरं पेटीच्या प्रत्येक उघड्या पत्र्याला, झाकणाच्या स्क्रूला, पंख्याच्या जाळीला टेकवत जा. जिथे बीप वाजणार नाही, तिथला रंग खरवडा. मग वायरमनला बोलावून भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. त्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसेल, तर आपण जुळवलेल्या साखळीचा काही उपयोग नाही. तेवढं होईपर्यंत कॉम्प्युटर चालू करू नका.